चाक इथे, मासा तिकडे

५ जानेवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, छोटीला एक गालगुच्चा. इकडे आईची तब्येत चांगली आहे, गुडघा सोडला तर. पण गुडघ्यावर ती स्वतः सविस्तर लिहिणार आहे, म्हणून मी तिच्या विषयात नाक खुपसत नाही. फोनच करणार होते. पण फोनवर मी सांगते एक आणि तुला ऐकू येतं भलतंच, मग वहिनी मध्ये उभी राहून तुझ्या कानाशी ओरडते आणि बातमीतला सगळा रस निघून जातो. ही बातमी तू निवांत बसून वाचायला हवीस.

दादा, मला माझं स्वतःचं काम मिळालं. तू लोकांना सांगत असतोस ना, माझी बहीण घसरगुंड्या बनवते म्हणून? आता सांग की ती भिंत बनवते. खेळायची भिंत. आमच्या कारखान्याला इथल्या मुलांच्या हॉस्पिटलचं काम आलंय आणि नव्या साहेबांनी ते माझ्या हाती दिलंय. मास्तर नकाशे काढणार, बडबड्या नमुने बनवणार, आणि खेळणं काय असेल ते मी ठरवणार. ऐकल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

हॉस्पिटलमध्ये एक लांबच लांब, अरुंद कॉरिडॉर आहे. तिथे मुलं आत बोलावण्याची वाट बघत बसतात. मी गेले तेव्हा त्यांच्या बुटक्या बाकावर जागा मिळाली, गुडघे हनुवटीला टेकवून अख्खी सकाळ तिथेच बसले. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणजे कडक बाई. त्यांच्या अटी ऐक. आवाज होता कामा नये, कारण शेजारच्या खोल्यांतून मुलं झोपलेली असतात. पळापळ होता कामा नये. रोज औषधाच्या पाण्याने धुता आलं पाहिजे. सुटून तोंडात जाईल असं काही नको. एका हाताला सलाईन असेल तर दुसऱ्या हाताने खेळता आलं पाहिजे. आणि काही मुलांनी एकमेकांच्या जवळ यायचं नाही, एकाचा आजार दुसऱ्याला परवडणारा नसतो. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "इथली मुलं फार वाट बघतात. आणि एकेकटी बघतात." दादा, असं काम आयुष्यात एकदा मिळतं.

नवे साहेब म्हणजे वादळ आहे. आल्या आल्या त्यांनी सगळा कारखाना हलवून सोडला. आता रोज सकाळी उभ्याने बैठक असते. बसलं की माणूस सुस्तावतो असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाने नव्या कल्पना आणायच्या, एका दमात सांगायच्या. भिंतीवर मोठा पांढरा फळा लावलाय. कल्पना पसंत पडली तर नावापुढे हिरवी चकती, नाही तर लाल. आठवड्याच्या शेवटी ज्याच्या लाल चकत्या जास्त त्याने सगळ्यांसमोर कारण सांगायचं. ऐकायला कडक वाटतं, पण काम कसं धावतंय म्हणून सांगू. अंगात वारं भरल्यासारखं वाटतं. आणि सांगायला हरकत नाही, माझ्या नावापुढे सगळ्यात जास्त हिरव्या चकत्या आहेत. कोणती कल्पना साहेबांना पटेल याचा मला आता अंदाज आलाय.

बडबड्या मात्र गप्प झालाय. तुला आठवत असेल, मागच्या खेपेला तू आलास तेव्हा त्याने तुला फाटकापासून माझ्या टेबलापर्यंत चालता चालता स्वतःच्या तीन पिढ्यांचा इतिहास सांगितला होता, आणि तू म्हणालास की या माणसाचं मला सगळं ऐकू आलं. तोच. हल्ली दिवसभर सुतारी मेजावर मान खाली घालून असतो. शिस्त लागली म्हणायची. मास्तरही चहाला उठत नाहीत. मीही नाही. डबा नकाशावरच उघडते, त्यामुळे एका घसरगुंडीवर तेलाचा डाग आहे.

आईची आपली एक तक्रार चालू असते. म्हणते, तू वर्तमानपत्राच्या कडेला चित्रं काढायचीस ती बंद का झाली. आता मोठ्या कागदावर काढते म्हटल्यावर कडेला कोण काढणार? झोप जरा कमी पडते, पण नवं काम म्हटलं की तेवढं चालायचंच. आणि तुझ्यापुढे मी कामाच्या त्रासाचं काय बोलणार? पंख्याखाली बसून रेघा मारायच्या, याला कष्ट म्हणत असतील तर तू केलेस त्याला काय म्हणायचं.

छोटीच्या वाढदिवसाला मी दरवर्षी चित्र काढून पाठवते, ते या खेपेला राहिलं. दुकानातून एक घेऊन पाठवलंय. छपाई सुंदर आहे. तिला सांग, आत्याच्या हातचं पुढच्या वर्षी.

मंगळवारी हॉस्पिटलच्या लोकांसमोर माझा आराखडा मांडायचा आहे. तयारी जोरात आहे. मनात म्हण की सगळं छान होईल.

तुझी, फळ्यावर पहिली आलेली,
ठकी


१० जानेवारी

चिरंजीव थोरल्यास आणि सूनबाईस आईचे आशीर्वाद. छोटीस गोड पापा.

ठकी आत झोपली आहे. तिला न विचारता लिहिते आहे. उठली की सांगेन, लपवणार नाही. पण आधी लिहिणार आणि मग सांगणार, नाही तर ती लिहू द्यायची नाही.

तिने तुला लिहिलं असेल की सगळं छान चाललंय. मला माहीत आहे, कारण मलाही तेच सांगत होती. सकाळी उठून आंघोळीच्या खोलीत नळ सोडून बसायची. मला वाटायचं पाणी वाया घालवते. मग एकदा नळ बंद असताना रडण्याचा आवाज आला, तेव्हा नळ कशासाठी असतो ते कळलं. विचारलं तर म्हणाली, डोळ्यांत साबण गेला. रोज कसा गं साबण जातो, म्हटलं, तर पर्स उचलून निघून गेली.

मंगळवारी भर दुपारी हॉस्पिटलची गाडी दारात आली. तिथल्या मोठ्या सिस्टर तिला हाताला धरून घेऊन आल्या होत्या. काय झालं ते त्यांनीच सांगितलं. ही आराखडा सांगायला उभी राहिली. सगळे मोठे डॉक्टर समोर बसलेले, हिचे साहेब शेजारी. हिने तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. हातातले कागद पानासारखे थरथरायला लागले. एकच म्हणाली, "माफ करा, माझ्याकडे काही नाही." मग दार समोर असून तिला दार सापडेना. सिस्टरांनी तिला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं, पाणी पाजलं, सगळं तपासून घेतलं.

घाबरू नकोस. हृदयाला काही नाही. डॉक्टर म्हणाले, फार दिवस ताणाखाली राहिल्यावर असं होतं, सक्तीची विश्रांती घ्यायची आणि कामाचं नावही काढायचं नाही. घरी आल्यावर तिने मला ते कागद दाखवले. बाळा, मी काही चित्रांतली जाणकार नाही. पण सगळ्या कागदांवर तीच ती चौकट आणि तेच ते गोल. जिने लहानपणी भिंतीच्या पोपड्यांत हत्ती बघितले तिच्या हातून हे निघालं? म्हणाली, "आई, डोक्यात नवीन काही येतच नाही. आलं की आधी लाल चकती दिसते, मग ते पळून जातं." गाईला पळवत पळवत नेऊन दूध मागितलं तर ती बिचारी देणार कुठून.

साहेबांचा फोन आला होता. आधी तब्येत विचारली, चांगलं बोलले. मग म्हणाले, घरून काही कल्पना पाठवता येतील का. मी म्हटलं, घरात सध्या भोपळा आहे, तो पाठवू का. पुन्हा फोन आला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. हे सगळं तिने तुझ्यापासून का लपवलं, तर तुझ्या कानांमुळे. ती शिकत होती तेव्हा तू त्या पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात दुहेरी पाळी करत होतास, आणि ते यंत्र तुझे कान खात होतं, तू चकार शब्द काढला नाहीस. ती ते विसरलेली नाही. काल मला म्हणाली, "दादाने कान दिले आणि मी फळ्यावरच्या चकत्यांना भ्यायले, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू." याचं उत्तर तूच दे. लांबलचक लिहू नकोस, तुला लांबलचक जमतही नाही. जे वाटतं ते लिही.

गुडघ्याचं पुढच्या पत्रात.

तुम्हा दोघांची काळजी एकाच पदरात बांधून फिरणारी,
आई


२ मे

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर म्हणून काहीतरी घडायला हवं होतं. ते आज घडलं. आत्ताच हॉस्पिटलमधून आले, चपला दारात कशाही टाकल्यात, आई जेवायला हाका मारतेय आणि मी आधी तुला लिहायला बसलेय. अक्षर वाईट आलं तर हात थरथरतोय असं समजू नकोस. हात पळतोय.

नीट क्रमाने सांगते.

आईने तुला लिहिलंय हे कळलं तेव्हा मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. मग तुझं पत्र आलं. मी ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानेच वाचलं. तू लिहिलं होतंस, "मी गप्प बसलो ते शौर्य नव्हतं. बोललो असतो तर कानांत घालायला काहीतरी मिळालं असतं, इतरांचेही वाचले असते. नोकरी जाईल म्हणून भ्यायलो होतो. माझं बघून तू गप्प राहत असशील तर माझे कान फुकट गेले." दादा, इतकी वर्षं मी तुला देवळातल्या मूर्तीसारखं वर बसवून ठेवलं होतं. तू स्वतःच खाली उतरून माझ्याशेजारी बसलास. मी पत्र घडी करून डब्यावर ठेवलं आणि आईजवळ बसून रडले, या खेपेला नळ न सोडता. मग आईशी बोलायला लागले.

त्यानंतर नुसती पडून होते. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघायचे, झोपायचं, पुन्हा कपडे बघायचे. आईने काही विचारलं नाही. त्याच सुमारास आपल्याकडची जुनी वायरिंग बदलायला वायरमन आला आणि जाताना घोळ घालून गेला. संध्याकाळी मी खोलीत पडलेली, तर माझा दिवा आपोआप लागला. विझला. पुन्हा लागला. मला वाटलं, झालं, आता डोळ्यांनाही भास व्हायला लागले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज, ती अंधारात उभी राहून बटणाला शिव्या देत होती. मी माझ्या खोलीतलं बटण दाबलं, तर तिचा दिवा लागला. बाई थक्क. "कोण आहे?" म्हणाली, आणि मी इतकी हसले की पोटात कळ आली. मग आम्ही वायरमनला बोलावलंच नाही. दिवा दोनदा लुकलुकला म्हणजे चहा झाला. सारखा लुकलुकत राहिला म्हणजे आईला गुडघ्याला तेल लावून हवंय. एकमेकींच्या खोलीत न जाता घरभर आमच्या गप्पा चालायच्या.

आणि एका सकाळी चहा पिता पिता माझ्या लक्षात आलं की माझा हात वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी काढतोय. कोणी मागितलेलं नव्हतं. एक चाक होतं, त्यातून लांब रेघ निघाली होती, आणि पानाच्या दुसऱ्या टोकाला एक मासा. चाक इथे, मासा तिकडे. मी ते बघत राहिले आणि चहावर साय धरली. कॉरिडॉरच्या एका टोकाला बसलेलं मूल चाक फिरवणार, आणि मासा पोहणार तो दुसऱ्या टोकाला, भलत्याच मुलासमोर. जवळ न येता, आवाज न करता, एका हाताने. दादा, कित्येक महिन्यांनी डोक्यात एक गोष्ट आली आणि तिच्यावर लाल काही दिसलं नाही.

कामावर परत गेले तो दिवस सोपा नव्हता. पण मी सरळ साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्याने नाही, खुर्चीवर बसून बोलले. म्हटलं, हॉस्पिटलचं काम मी करते, पण आमच्या टेबलाचं नाव फळ्यावर नको. सकाळची बैठक नको, चकत्या नकोत. थोडे दिवस आम्हाला चुकू द्या. घाबरलेल्या डोक्याला नवीन काही सुचत नाही हो, त्याला फक्त आधी पास झालेलं आठवतं. माझ्या सगळ्या हिरव्या चकत्या तशाच मिळवल्या होत्या मी.

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत, खचल्यासारखे दिसले. म्हणाले, "मला रोज संध्याकाळी वरच्या लोकांना किती कल्पना पास झाल्या तो आकडा सांगावा लागतो. तुमच्या टेबलाबद्दल मी काय सांगू?"

"सांगा, ते चुकतायत आणि मीच चुकायला सांगितलंय."

बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग कळलं की हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टरांनी त्यांना फोन करून सांगितलं होतं, आमच्या बाकावर मुलांबरोबर जी अख्खी सकाळ बसली होती तीच येणार असेल तर या, नाही तर दुसरा कारखाना बघतो. तेव्हा साहेबांपुढेही फारसा रस्ता नव्हता. एक आठवडा दिला. मी म्हटलं, आठवड्यात काही निघालं नाही तर राजीनामा माझ्या हाताने आणून देईन. हे आईला सांगितलं नव्हतं, आज सांगितलंय. तिने लाटणं दाखवलं.

आता खरी गंमत पुढे आहे. मला वाटलं होतं फळा गेला की सगळे बोलायला लागतील. कसलं काय. मास्तर आणि बडबड्या टेबलाशी येऊन बसले, आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले. भीती काय खुंटीवरचा सदरा आहे, काढून ठेवायला? मग मी नियम केला की जो सगळ्यात टाकाऊ कल्पना सांगेल त्याला दिवसभर चाकांची खुर्ची मिळेल. आमच्याकडे तशी एकच धड आहे. सुरुवात मी केली, भिंतीला शेपूट लावू म्हटलं. मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "भिंतच पाडू." खुर्ची त्यांनी जिंकली. त्या माणसाला मी इतक्या वर्षांत खुर्चीवर गोल फिरताना पाहिलं नव्हतं. बडबड्या मात्र गप्पच. फळा लागला त्या पहिल्या आठवड्यातच त्याच्या एका कल्पनेला लाल चकती लागली होती आणि सगळे हसले होते. मीही हसले होते. तेव्हापासून तो प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचा आणि तपासता तपासता ते तिथेच मरायचं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

मी वर्तमानपत्राची ती कड टेबलावर ठेवली. मास्तर वाकून बघायला लागले. त्यांना सायकलच्या ब्रेकची तार आठवली. नळीतून जाते, वळणावळणाने जाते आणि आवाज करत नाही. लगेच त्यांनी नकाशावर भिंतीला पुढून काच लावली आणि काचेमागे तारा टाकल्या. पण एक अडचण होती. मुलाने चाक फिरवलं आणि त्याच्यासमोर काहीच हललं नाही, तर त्याला वाटेल खेळणं मोडलंय. आणि दुसरीकडे मासा हलला तरी तो कोण हलवतंय ते कसं कळणार? मास्तर म्हणाले, बाण रंगवू. मी म्हटलं, चाकाचा आणि माशाचा रंग एक ठेवू. आम्ही दोघं त्यातच अडकलो, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी बडबड्या लाकूड घासत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, सांगायचं कशाला? शोधू दे की त्यांना. नाही तरी वाट बघतच तर बसलीयेत."

आम्ही दोघं थांबलो. तो घाबरला, म्हणाला, जाऊ द्या, उगाच बोललो. मी म्हटलं, पुन्हा बोल. तो पुन्हा बोलला. मग म्हणाला, समजा एका चाकाने अस्वलाची टोपी उडते, दुसऱ्याने खारीचं शेपूट, आणि एकाने दोन-दोन गोष्टी हलतात, एक इकडे, एक तिकडे. आणि मूल आत गेलं, दुसरं येऊन बसलं, की कोडं नवीन. आणि मग तो जो सुटला, दादा. दुपारपर्यंत बोलला, जेवताना बोलला, हात धुताना नळाशी बोलला. मास्तर कानांवर हात ठेवून हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी भराभर काढत होते, कागद संपले तर खोक्यांच्या पुठ्ठ्यावर काढलं. त्या दिवशी आम्हा तिघांपैकी नेमकं कोणाला काय सुचलं ते आता सांगताही यायचं नाही.

आठवड्याच्या शेवटी साहेब आले. टेबलावर आमचा ओबडधोबड नमुना होता, पुठ्ठा, पत्रा आणि ब्रेकच्या तारा. त्यांनी एक चाक फिरवलं. समोर काही झालं नाही. म्हणाले, "बंद आहे." टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून बडबड्या म्हणाला, "साहेब, इकडे बघा." तिथे पत्र्याचा मासा शेपूट हलवत होता. साहेबांनी पुन्हा चाक फिरवलं. मग माशाकडे बघत बघत फिरवतच राहिले. जाताना त्यांनी एवढंच विचारलं की पूर्ण व्हायला किती दिवस हवेत, आणि मी मागितले तेवढे दिले. नंतर मास्तरांनी सांगितलं की हे साहेब तरुणपणी स्वतः चावीची खेळणी बनवायचे.

पण ते एकदम बदलले असं समजू नकोस. फळा बाकीच्या खोल्यांत अजून आहे. मी तो काढा म्हणून मागे लागलेय, ते "बघू" म्हणतात. पूर्वी "बघू"ही नव्हतं. आता मी एकटी मागे लागत नाही, मास्तर येतात, आणि बडबड्या आला की साहेब लवकर "बघू" म्हणतात, नुसतं तो थांबावा म्हणून.

आज सकाळी भिंत सुरू झाली.

भाषण वगैरे काही नव्हतं, सिस्टरांना आवाज चालत नाही. आम्ही तिघं कोपऱ्यात उभे राहिलो. एक मुलगी आली, एका हाताला नळी, सोबत तिचे बाबा सलाईनचा खांब ढकलत. ती बसली, चाक बघितलं, मोकळ्या हाताने फिरवलं. काही झालं नाही. पुन्हा फिरवलं. मग हात काढून घेतला आणि बाबांकडे बघितलं. पार दुसऱ्या टोकाला एक मुलगा बसला होता. त्याला कोणाजवळ जायची परवानगी नाही, त्याची खोली काचेची आहे, चाकही आम्ही त्याच्या काचेच्या आतल्या बाजूला बसवलंय. त्याच्यासमोर अस्वलाची टोपी उडाली होती. तो तोंड उघडं टाकून बघत होता. मग त्याने स्वतःचं चाक धरलं आणि जोरात फिरवलं, आणि इकडे त्या मुलीच्या नाकासमोरून मासा गेला.

ती दचकली. मग कॉरिडॉरभर बघत गेली, एकेका मुलाकडे, एकेका चाकाकडे, आणि शेवटी काचेपाशी थांबली. तो मुलगा हात हलवत होता. आवाज करायचा नाही हे ती साफ विसरली आणि ओरडली, "ए, तू होतास होय!"

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं आणि बराच वेळ त्या काच पुसत होत्या. काच स्वच्छ होती.

आता तुला खरं सांगते, म्हणजे तुझ्यापासून पुन्हा काही लपवल्यासारखं नको. मी पूर्ण बरी नाही. घोळका उभा दिसला की अजून छातीत धडधडतं. मधूनच एखादा दिवस कोरा जातो. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, म्हणून त्यांच्याकडे जाते, आणि तसं साहेबांना सांगूनच जाते. अशा दिवशी मी टेबलावर सांगून टाकते की आज माझ्याकडे काही नाही. तेच वाक्य, बघ, जे म्हणताना मला हॉस्पिटलमध्ये जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं होतं. आता मी ते म्हणते, आणि मास्तर नुसते "बरं" म्हणून आपला चहा माझ्याकडे सरकवतात.

सुट्टी लागली की छोटीला घेऊन ये, वहिनीलाही. बडबड्या सारखं विचारतोय की तुमचे दादा कधी येणार. त्याच्याकडे चौथ्या पिढीचा इतिहास तयार आहे.

उद्या आमच्यापुढे नवीन काम ठेवणार आहेत, कोणत्या तरी शाळेचं अंगण. काय करायचं ते आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नाही, आणि मला केव्हा एकदा सकाळ होतेय असं झालंय.

तुझी, उद्या पुन्हा मनसोक्त चुकायला निघालेली,
ठकी